धोंड्याचा अभ्रा

दुपारची जेवणं आटोपली, भांडी झाली, आणि हिने शिवणयंत्र बाहेर काढलं. एक जुनी सुती साडी फरशीवर आडवी पसरली, मग उभी पसरली, मग कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "अहो, ह्या धोंड्याला अभ्रा कसा शिवायचा, ते तरी सांगा."

धोंडा म्हणजे माझी नवी उशी. लेकीने पुण्याहून ऑनलाइन पाठवलेली. खोकं एवढं मोठं होतं की समोरच्या काकूंनी दारातूनच "टीव्ही घेतला वाटतं" म्हणून अभिनंदन केलं. खोक्यातून निघाला फोमचा एक त्रिकोण. एका बाजूने दहा इंच उंच, दुसऱ्या बाजूने भाकरीइतका पातळ. गल्लीतलं एक कारटं आलं होतं, त्याला मात्र वस्तूचा उपयोग एका क्षणात कळला. त्याने खिशातली मोटार काढून वरून सोडली.

मला उपयोग कळायला वर्ष गेलं. रात्री दीड-दोनच्या सुमारास घशाशी येतं. छातीच्या मधोमध कोणीतरी चूल पेटवून ठेवल्यासारखं वाटतं. उठायचं, पाणी प्यायचं, पलंगाच्या कडेला बसून राहायचं. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे एक मडकं काढून दाखवलं. म्हणाले, अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये जी झडप असते ती तुमची सैल पडली आहे. उभे आहात तोवर मडकं उभं. आडवे झालात की मडकं आडवं, मग आतलं सांडणारच. मी म्हटलं, दोन उशा घेतो. तर म्हणाले, नको, उशांवर उशा रचल्या की माणूस पोटात मोडतो, पोटावर दाब येतो आणि उलट जास्त वर येतं. सगळं धड तिरपं व्हायला हवं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाला, सहा ते आठ इंच.

पण आमच्या पलंगाला पाय कुठे आहेत? तो बॉक्सचा. त्याच्या पोटात रजया, लग्नातली पितळी भांडी आणि लेकीची बारावीपर्यंतची पुस्तकं. तो उचलायचा म्हणजे आधी संसार उपसायचा. विटांचा विषय हिने तिथेच मिटवला.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, डाव्या कुशीवर झोपा. जठर डावीकडे असतं, त्या कुशीवर झोपलं की आम्ल खाली राहतं आणि झडप त्याच्या वर. हे ऐकून मी थोडा ओशाळलो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. शब्दातच सगळी चिठ्ठी लिहिलेली आहे, आणि मी सदतीस वर्षं दर रविवारी वामकुक्षी म्हणून जी घेत आलो ती छताकडे तोंड करून, घोरत.

फोमची उशी यायच्या आधी मी एक खटपट करून पाहिली होती. माझं एक खूळ आहे, उशी कापसाचीच हवी. अहो, खानदेशात राहायचं, दिवाळीत गावोगाव कापसाच्या गाड्या भरलेल्या बघायच्या आणि डोकं ठेवायचं फोमवर? लहानपणी पिंजारी दारात यायचा. खांद्यावर ती भलीमोठी धनुकली, तिच्या तातीचा टँव टँव आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. गादी उसवली की आतून काळपट, गठ्ठे झालेला कापूस निघायचा. दोन तासांत त्याचा ढग व्हायचा, आणि आमच्या भुवया, पापण्या, ओट्यावरची मांजर, सगळं पांढरं. त्या रात्री नव्या भरलेल्या उशीवर डोकं ठेवलं की ती कानाशी हळूच करकरायची. तर म्हणून मी गादीवाल्या काकांकडे गेलो, आमच्याच अमळनेर पट्ट्यातले. वर्तमानपत्राचा तिरपा तुकडा कापून त्यांना आकार दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भाऊ, कापूसले कोना नही ऱ्हास."

बरोबर होतं त्यांचं. कापूस दबतो. आठ दिवसांत त्रिकोणाची चपाती झाली असती.

मग हा धोंडा. पहिल्या रात्री मी त्यावर राजासारखा झोपलो. पहाटे जाग आली तेव्हा राजा पायथ्याशी होता, पाय पलंगाबाहेर, आणि सिंहासन वर एकटंच. रात्रभर माणूस इंचाइंचाने घसरतो. दुसरी अडचण अशी की या उशीखाली काही ठेवता येत नाही. माझं घड्याळ, चष्म्याचं घर, किल्ल्या, सुटे पैसे, सगळं आयुष्यभर उशीखाली राहिलेलं. आता वर ठेवलं की तेही माझ्याबरोबर घसरत खाली येतं. परवा चष्मा गुडघ्यापाशी सापडला. जळजळ मात्र कमी आहे, हे खोटं कशाला बोलू.

उतारावर झोपायची तशी मला सवय असायला हवी होती. गावी आमचं धाब्याचं घर. उन्हाळ्यात रात्री सगळं खटलं धाब्यावर. दिवसभर पंचेचाळीस अंशांत भाजलेली माती सूर्य बुडाल्यावर पाणी शिंपडून निववायची, मग गोधड्यांची रांग. धाबं दिसायला सपाट, पण पावसाचं पाणी जावं म्हणून त्याला पन्हाळीकडे उतार असायचा. दरवर्षी पावसाळ्याआधी खारी माती टाकताना आबा तो उतार हाताने चोपून पुन्हा जमवायचे. अडचण एवढीच की उंच बाजू नेमकी उत्तरेला होती. मोठ्या मायचे दोन कायदे होते. डोकं पायांपेक्षा खाली असू नये. आणि "उत्तरले डोकं करानं नही!" दक्षिणेला डोकं केलं तर पहिला कायदा मोडायचा, उत्तरेला केलं तर दुसरा. शेवटी तिने निकाल दिला, पोरांनी उताराला आडवं झोपावं. मग काय, सकाळी सातही पोरं लोळत लोळत पन्हाळीपाशी गोळा झालेली, सगळ्यात धाकटा सगळ्यात खाली. तो अजून म्हणतो की त्याची उंची त्यामुळेच वाढली नाही.

आबा मात्र या रांगेत नसायचे. जिन्याच्या भिंतीशी घडी केलेली गोधडी पाठीला लावून ते बसलेले असायचे. मळ्यातून यायला त्यांना नऊ-साडेनऊ व्हायचे. मग कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार, आणि जेवल्या हाताने सरळ धाब्यावर. सदऱ्याच्या खिशात कागदाची एक पुडी. मध्यरात्री तांब्या वाजायचा, पुडी उघडायची, आणि थोड्या वेळाने असा ढेकर यायचा की खाली गोठ्यातलं वासरू उठून उभं राहायचं. आम्ही गोधडीत तोंड खुपसून हसायचो. ढेकर मोजायचो. एका रात्री अकरा झाले होते, तो विक्रम.

मी एकदा जागा झालो तर ते तसेच बसलेले. विचारलं, आबा, झोपत का नाही. तर म्हणाले, "तू झोप, मी शे ना जागा." मला वाटायचं ते आमची राखण करतात. कितीतरी वर्षं मी लोकांना तसंच सांगत आलोय. आमच्या घरात चोरण्यासारखं काय होतं, हा विचार तेव्हा आला नाही, नंतरही आला नाही.

पुडीत खायचा सोडा होता.

यंत्र थांबलंय. हिने दोन्ही बाजूंना त्रिकोणी गाल जोडलेत, साडीचा हिरवा काठ बरोबर उंच कडेवर आणलाय, आणि पातळ टोकाला दोन नाड्या शिवल्यात, पलंगाला बांधायला. म्हणजे उशी घसरणार नाही. माझं काय, ते विचारलं तर म्हणते, "तुम्हाला नाड्या कुठे लावू?"

तेवढ्यात मित्राचा फोन. थंडी पडली, शेतात भरीत ठरलंय. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते माझ्या डॉक्टरांना विचारून दिलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, बडगीत घालून ठेचायची, म्हणजे साडेनवाच्या आत ताट पडत नाही. झोपायच्या तीन तास आधी जेवायचं असेल तर मग साडेबाराला झोपायचं, हिशेब सोपा आहे.

"लवंगी मिरची किती घेऊ?" तो विचारत होता. जरा कमीच घे, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

पाव किलो म्हणालो.