बासबोर्ट

ज्ञानेश्वर पादुका चौकातून आत वळलं की माझं झेरॉक्सचं दुकान लागतं. आठ बाय दहाचा गाळा, दोन मशिनं, स्पायरलचं एक यंत्र आणि दिवसभर लॅमिनेशनचा वास. मी इंग्रजी बोलायला इथे शिकलो असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

शाळा मराठी माध्यमाची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून सुरू झालं ते 2000 साली, तोवर मी शाळा सोडून गल्ल्यावर बसलो होतो. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह डोळे झाकून करायचो, पण समोरच्याने ‘हाऊ आर यू’ म्हटलं की घशात सुपारी अडकायची. म्हणून विजेच्या खांबावरची जाहिरात बघून एक फाडफाड इंग्रजीचा क्लासही लावला. पहिल्याच दिवशी उभं राहून स्वतःबद्दल पाच वाक्यं बोलायची होती. दुसऱ्या वाक्याला सरांनी अडवलं, मागचा बाक फिदीफिदी हसला. उरलेली तीन वाक्यं अजून बाकी आहेत.

त्यात आपलं पुणं. दुसऱ्याची चूक सुधारणं हे इथे पुण्यकर्म. माझ्या पाटीवर ‘बाइंडिंग’चं स्पेलिंग चुकलं होतं, तर प्रभात रस्त्यावरून फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी खिशातलं पेन काढून ते पाटीवरच दुरुस्त केलं. झेरॉक्स एकही काढली नाही.

सुटका केली ती परदेशी पोरांनी. इराण, येमेन, सुदान, अफगाणिस्तान, कुठून कुठून इथल्या कॉलेजांत यायची. आल्यावर 14 दिवसांत नोंदणी करावी लागायची. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, 11 महिन्यांचा भाडेकरार, कॉलेजचं बोनाफाईड, सगळ्याच्या झेरॉक्स. त्यामुळे पुण्यात पाय ठेवल्या ठेवल्या ती माझ्या काउंटरला लागायची.

2006 च्या जुलैतली गोष्ट. धो धो पाऊस. एक उंचच उंच सुदानी पोरगा कागद शर्टाच्या आत धरून आत शिरला. ‘‘माय फ्रेंड, बासबोर्ट. टू कॉबी, ब्लीज.’’ मला वाटलं बास्केटबॉलचं काहीतरी असेल. त्याने शर्टात हात घालून पासपोर्ट काढला. ‘‘ओ, पासपोर्ट!’’ मी. ‘‘यस, बासबोर्ट!’’ तो. अरबीत ‘प’च नाही, हे मला फार पुढे कळलं.

मी सवयीने विचारलं, ‘‘बॅक टू बॅक?’’ त्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग मी एक कोरा कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. ‘‘धिस साइड, दॅट साइड, सेम पेपर.’’ त्याचा चेहरा उजळला. ‘‘आह! टू फेस, वन बेबर!’’ अगदी बरोबर. ‘डबल साइडेड’ हा शब्द आमच्या दोघांकडेही नव्हता आणि काम कुठे अडलं नाही.

शटर ओढताना लक्षात आलं, आपण पंधरा मिनिटं इंग्रजी बोललो आणि सुपारी अडकली नाही. कारण साधं आहे. त्याचं इंग्रजीही माझ्यासारखंच उसनं. तो मला काय सुधारणार? इराणी मुली ‘स्टुडंट’ला ‘एस्टुडंट’ म्हणायच्या, आणि ‘द’ त्याही गाळायच्या, मीही गाळायचो. ना मराठीत ‘द’ आहे ना फारसीत. दोन-तीन वर्षं रोज असं बोलल्यावर तोंड सैल झालं.

शब्द मात्र थिसिसमधून आले. काचेवर पान पालथं असतं, तिथे काही वाचता येत नाही. ट्रेमध्ये पडलेलं गरम पान वाचायचं. सगळ्यात उत्तम इंग्रजी आभाराच्या पानावर असतं, हे माझं ठाम मत. ‘आय ॲम इंडेटेड टू माय गाइड’, म्हणजे ‘मी माझ्या गाइडचा ऋणी आहे’, हे मला इतकं आवडलं, की गाळ्याच्या डिपॉझिटला पैसे देणाऱ्या सासऱ्यांना मी तेच ऐकवलं. ते म्हणाले, ‘‘ते असू दे, परत कधी देणार?’’

लेकीच्या शाळेत पालक सभेला पहिल्यांदा इंग्रजीत बोललो तेव्हा बाईंना उत्साहात ‘‘नो प्रॉब्लेम, माय फ्रेंड’’ म्हणून गेलो. लेक दोन दिवस बोलत नव्हती.

सुदानी पोरगा शिकून 2009 ला परत गेला. 2023 च्या एप्रिलमध्ये खार्तूममध्ये लढाई पेटली. काही महिन्यांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला, कैरोहून. घर सोडताना कागद मागे राहिले होते. ‘‘माय फ्रेंड, यू हॅव माय डिग्री कॉबी? माय बोनाफाईड?’’ बोनाफाईड हे नाम म्हणून वापरायला त्याला मीच शिकवलं होतं.

जुना कॉम्प्युटर पोटमाळ्यावरून खाली उतरवला. त्याच्या नावाने शोधलं, काही नाही. ‘सुदान’ टाकलं, काही नाही. बायको म्हणाली, जेवून घ्या, उद्या बघा. मग आठवलं, त्या वेळी मी फोल्डरला ऐकू येईल तसं नाव द्यायचो. ‘बासबोर्ट’ असं टाइप केलं. आत चार फायली होत्या. दुसरी डिग्रीची, वर जुनं नाव, पुणे विद्यापीठ.