धाव चढवायचा दिवस

आमचे आजोबा सुतार. बैलगाडीचं चाक त्यांनी करायचं आणि लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, लोहारआप्पांनी चढवायची. खळ्यावरचं बलुतं दोघांचं वेगळं, पण चाक बिघडलं की शिव्या दोघांनाही.

चाक बाभळीचं. मधे तुंबा, त्यात बारा आरे, बाहेरून सहा पुठ्ठे, म्हणजे घेराचे लाकडी तुकडे. खिळा एकही नाही. सगळं आवळून धरायचं ते धावेनं. आप्पा लोखंडी पट्टीवरून चाक एक फेरा लोळवायचे, खडूनं खूण करायचे आणि पट्टी त्याहून थोडी आखूडच तोडायचे. थोडी म्हणजे किती? विचारलं की कधी बोट दाखवायचे, कधी अंगठा. पुठ्ठ्यांच्या सांध्यांत फट किती, त्यावर ते ठरायचं.

मग पट्टी वाकवून, टोकं जोडून ती गोवऱ्यांच्या रिंगणात. लालभडक झाली की चौघं जण सांडशांनी उचलून आडव्या चाकावर ठेवत. लाकूड भसकन पेटायचं, धुरातच घणाचे ठोके पडायचे आणि आप्पा ओरडायचे, "पाणीऽ!"

पाणी ओतायचं काम माझं. उशीर झाला तर पुठ्ठे जळणार, घाई केली तर धाव अर्ध्यावरच आवळणार. एकदा जाळ बघून मी घाबरलो आणि हाक यायच्या आतच घागर रिकामी केली. एका बाजूला धाव बसलेली, दुसरीकडे बोटभर वर. आप्पा काही न बोलता पुन्हा गोवऱ्या रचायला बसले. आजोबांनी मात्र सगळ्यांदेखत कान पिळला.

नीट जमलं की चाक कुरकुरायचं. धाव आवळत जाते तसे आरे तुंब्यात आणखी रुततात, त्याचा तो आवाज. तो थांबेपर्यंत आजोबा बिडी पेटवत नसत.

उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल पडायची. मग रात्रभर चाकं ओढ्यात. लाकूड फुगलं की गाडी पुन्हा रस्त्यावर.

पुढे रबरी टायरच्या डनलप गाड्या आल्या आणि आजोबा दारं-खिडक्यांकडे वळले. तक्रार नव्हती त्यांची. "बैलांना बरं," एवढंच म्हणाले. मला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

परवा हायवेवरच्या एका हॉटेलच्या दारात चाक दिसलं, चकचकीत वॉर्निश मारलेलं. सवयीनं धाव हलवून बघितली. खुळखुळत होती. वेटरला म्हटलं, "हे रात्रभर पाण्यात ठेवा."

तो मॅनेजरला बोलवायला गेला.