घनमीटरमागचे तापमान

आज दिवसभर एका रासायनिक प्रक्रियेच्या वस्तुमान समतोलाची (आत जाणारे आणि बाहेर पडणारे पदार्थ यांच्या हिशेबाची) आकडेमोड तपासत होतो. किलोमोल प्रति तासाचे मोल प्रति सेकंद करायला ३.६ ने भागले की झाले; पाउंड-मोल असेल, तर ४५३.५९ ने गुणून मोल मिळतात. खरी मेख वायूच्या घनमीटरमध्ये असते. ताशी १००० घनमीटर हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाचा असेल, तर २२.४१४ ने (त्या स्थितीत एक किलोमोल वायू जितके घनमीटर व्यापतो, त्या आकड्याने) भागून ४४.६ किलोमोल येतात. तोच १५ अंशांचा असेल, तर भाजक २३.६४५ होतो आणि हाती ४२.३ उरतात. सुमारे साडेपाच टक्क्यांचा हा फरक थेट रिअ‍ॅक्टरमधील घटकांच्या गुणोत्तरात शिरतो आणि (गंमत म्हणजे) एककांच्या तपासणीत सापडतही नाही, कारण दोन्हीकडे घनमीटरच लिहिलेले असते. शेवटी प्रत्येक प्रवाहाशेजारी संदर्भ तापमान आणि दाब नोंदवले, मगच बेरजेला हात घातला.