फील्डबुकातले दोन रकाने: रांग आणि स्तंभ

वाणांची चाचणी लावायची म्हटलं की तीन रिप्लिकेशन पाडायची, म्हणजे सगळे वाण तीन ब्लॉकांत पुन्हा लावायचे, आणि ब्लॉकच्या आतली जमीन एकसारखी धरायची, ही आपली जुनी सवय. रानाला हे मान्य नसतं. पाटाच्या तोंडाशी पाणी जास्त मुरतं, सरीच्या शेवटाला कमी पोचतं. शिरोळच्या बाजूला चांगल्या काळ्या रानात मध्येच खारवट पट्टा निघतो. बांध मोडून एक केलेल्या तुकड्यात जुन्या उकिरड्याची जागा कित्येक वर्षं पिकात हिरवीगार उठून दिसते. आणि हुमणी काय ब्लॉक बघून लागत नाही.

सोयाबीनचं उदाहरण घ्या. ४५ सेंमीवर चार ओळी म्हणजे प्लॉटची रुंदी १.८ मीटर, लांबी ५ मीटर. ३० वाण एका पट्टीत लावले तर ब्लॉक ५४ मीटर लांब होतो. एवढ्या अंतरात जमीन बदलणारच, आणि ज्या वाणाच्या वाट्याला चांगला कोपरा आला तो वाण 'चांगला' ठरणार.

म्हणून प्रत्येक प्लॉटची रानातली जागा, म्हणजे त्याची रांग आणि स्तंभ, फील्डबुकात लिहून हिशेबात घ्यायची. शेजारच्या प्लॉटांवरून उत्पादनाची दुरुस्ती करायची ही कल्पना कृषिशास्त्रज्ञ पापाडाकिस यांनी १९३७ मध्येच मांडली होती. आज दोन वाटा जास्त चालतात. पहिली एआर-१ (ऑटोरिग्रेसिव्ह मॉडेल): अंतर वाढेल तसं प्लॉटांमधलं साम्य घटत जातं. लगतच्या प्लॉटशी सहसंबंध ०.६ असेल तर एक सोडून पुढच्याशी ०.३६, त्याच्या पुढच्याशी ०.२२. रांगेच्या आणि स्तंभाच्या दिशेचा आकडा वेगळा काढायचा, कारण १.८ मीटरवरचा शेजारी आणि ५ मीटरवरचा शेजारी सारखे नसतात. दुसरी वाट पी-स्प्लाइनची: सगळ्या रानातल्या चढउताराचा एक गुळगुळीत पृष्ठभाग बसवायचा. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं स्पॅट्स हे पॅकेज हेच करतं, फुकट मिळतं, आणि सुरुवातीला मी तेच सुचवेन. ब्लॉक, रांग आणि स्तंभ मॉडेलमध्ये ठेवूनच पृष्ठभाग जोडा. डिझाइन, म्हणजे चाचणीची मूळ मांडणी, काढून टाकायचं नसतं.

खरी गडबड त्याआधी, वहीत होते. लेबलं लावताना माणूस नागमोडी चालतो. १२ स्तंभांच्या चाचणीत पहिल्या रांगेत १ ते १२ झाले की तिथूनच वळून १३ नंबर, म्हणजे १३ हा १२ च्या मागे, स्तंभ १२ मध्ये. एक्सेलमध्ये मात्र १३ ला स्तंभ १ देऊन सरळ खाली ओढलं जातं. झालं! एक सोडून एक रांग उलटी. मग मॉडेल सांगतं की रानात काही कलच नाही, आणि आपण खूश. म्हणून आधी प्लॉटवार उत्पादनाचा रंगीत नकाशा काढा आणि तो हातात घेऊन रानात उभे राहा. पाट, झाड, खारवट पट्टा नकाशात जागच्या जागी दिसला पाहिजे.

रानडुकरांनी खाल्लेल्या प्लॉटला शून्य लिहू नका, रकाना रिकामा सोडा. पण ती ओळ फाईलमधून उडवू नका. एआर-१ला रांग-स्तंभांची पूर्ण चौकट लागते.

मॉडेल बसवल्यावर अवशेषांचा (मॉडेलने न समजावलेल्या उरलेल्या फरकांचा) नकाशा आणि व्हेरिओग्राम (अंतरानुसार प्लॉटांतला फरक कसा वाढतो त्याचा आलेख) बघा. एखादी पूर्ण रांग एकाच रंगाची दिसली तर ते बहुधा पेरणी किंवा कापणीचं काम आहे, जमिनीचं नाही. तिथे रांग मॉडेलमध्ये रँडम (योगायोगाने बदलणारा) घटक म्हणून घालायची. दोन मॉडेलांची रेमल लाइकलिहूडवरून (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं त्याच्या मापावरून) तुलना त्यांचा फिक्स्ड, म्हणजे ठरीव घटकांचा, भाग सारखा असेल तरच करा.

यातून सुटत नाही ते शेजारपण. उसात उंच, जोमदार वाण बाजूच्या बुटक्याचं ऊन खातो, त्यामुळे लगतचे प्लॉट उलटे चालतात आणि सहसंबंध उणे येऊ शकतो. त्यावर उपाय रानातच: कडेच्या सऱ्या सोडून मधल्या सऱ्यांचंच वजन धरायचं.

आणखी एक, हे तर फारच चालतं. सोयीसाठी लवकर येणारे वाण एका बाजूला, उशिरा येणारे दुसऱ्या बाजूला, किंवा एकाच संकरातून आलेले सगळे वाण शेजारी. मग वाणांतला खरा फरकही पृष्ठभाग जमिनीचा म्हणून गिळतो, आणि तो परत काढायला कुठलंच सॉफ्टवेअर नाही. चिठ्ठ्या टाकूनच जागा द्या, आणि रिप्लिकेशनशिवाय एकदाच लावलेले वाण असतील तर चेक वाण (तुलनेसाठीचे ओळखीचे वाण) सगळ्या रानात पसरून ठेवा, एका कडेला रांगेत नको.