पहिला नंबर आणि अर्ध्या तासाची सुट्टी

2025 च्या जुलैमध्ये सीएनबीसी या बिझनेस चॅनेलची राज्यांची यादी आली आणि आमचं नॉर्थ कॅरोलायना धंद्यासाठी पुन्हा अमेरिकेत पहिलं. 2022, 2023 आणि मग 2025. ऑफिसात केक कापला. मीही फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगलीच.

त्याच संध्याकाळी दूध आणायला गेलो, तर काउंटरवर लेकीच्या डेकेअरची टीचर. सकाळी सातला आमच्या पोरांना आत घेणारी बाई संध्याकाळी सातला बिलं करत होती. सहज विचारलं, जेवलीस का? म्हणाली, आज माणसं कमी आहेत, ब्रेक मिळाला नाही, घरी गेल्यावर बघू. मी तावातावाने म्हणालो, तक्रार कर की! ती हसली आणि दुधाचा कॅन पिशवीत ठेवला.

हसण्याचं कारण घरी येऊन कळलं. इथल्या कायद्यात सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी द्यावी लागते. त्यापुढच्यांना द्यायलाच हवी असं काही नाही. दोनदा वाचलं. आमचे बाबा सातपूर एमआयडीसीत होते. भोंगा झाला की डबा उघडायचा, मग साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप. पाच तासांनंतर अर्धा तास, 1948 च्या कारखाना कायद्यातच होतं ते, आणि मोठ्या माणसांसाठी होतं.

आता लगेच 'आपलंच बरं' म्हणायला जाऊ नका. माझा मावसभाऊ चाकणला कंत्राटदाराकडे आहे. त्याला विचारा भोंगा कुणासाठी वाजतो ते. आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा वॉचमन बारा तास उभा असतो, त्याचं जेवण मी कधी विचारलं होतं?

तरी ती यादी डोक्यातून जाईना. तिच्या दहा निकषांत राहणीमानही आहे म्हणे. पण 2023 मध्ये, इकडे पहिला नंबर असतानाच, ऑक्सफॅम या संस्थेच्या कामगारांसाठीच्या यादीत आमचं राज्य 52 पैकी 52 वं होतं (पन्नास राज्यं, शिवाय वॉशिंग्टन डीसी आणि पोर्तो रिको). किमान मजुरी 2009 पासून तासाला सव्वासात डॉलरच. त्या टीचरला त्याहून जास्त मिळतं, मान्य. पण मग दुसरी नोकरी कशाला करावी लागते? कंपन्यांवरचा कर मात्र 2025 मध्ये सव्वादोन टक्के होता, आणि 2030 पर्यंत शून्यावर आणायचं कायद्यातच ठरलंय.

हा कर कमी आहे म्हणूनच माझी कंपनी इथे आली, आणि कंपनीमागे मी. इथल्या केरी गावात घर घेतलं, त्याची किंमतही वाढली. हे सोडून दे म्हणाल तर मी सोडणार नाही. महिन्याचा हप्ता कुणी भरायचा?

रविवारी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, मग युनियन काय करते तिकडे?"

मी विचारलं, नाशकात पाऊस कसा आहे.