येरेवानच्या टेकडीवर: १९१५ मध्ये हे का झालं?

आर्मेनियाला जाणारे आपले बहुतेक लोक गार्नी आणि सेवान लेक करून परत येतात, पण येरेवान शहरातच त्सित्सेर्नाकाबेर्द नावाची टेकडी आहे, १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या वंशसंहाराचं स्मारक तिथे आहे, अर्धा दिवस तरी द्याच. वर ४४ मीटर उंचीचा टोकदार दगडी स्तंभ आहे आणि बाजूला आत झुकलेल्या १२ मोठ्या शिळा, त्यांच्या मधोमध खाली ज्योत पेटती असते. पायऱ्या एवढ्या उभ्या आहेत की उतरताना मान आपोआप खाली जाते. ज्योतीभोवती लोक फुलं ठेवत होते, एक आजोबा नातवाचा हात धरून त्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होते, बराच वेळ.

म्युझियम जमिनीखाली आहे. मेलेल्यांच्या संख्येचे अंदाज ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत आहेत, आर्मेनियन लोक १५ लाख मानतात. पण मला आकड्यापेक्षा जास्त छळत होतं ते 'का'.

धर्म वेगळे होते, पटत नव्हतं, झालं, असं सोपं उत्तर लोक देतात आणि मला ते अजिबात पटत नाही. ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आधीच्या सुलतानांच्या मुस्लिम राजवटीत, आर्मेनियन ख्रिश्चनांना दुय्यम दर्जा होता हे खरंच, पण शेकडो वर्षं गावंच्या गावं शेजारी शेजारी राहिली होती. बिघडायला लागलं ते साम्राज्य आकसायला लागल्यावर. १८७८ च्या बर्लिन तहात युरोपने सुलतानाकडून आर्मेनियन लोकांच्या संरक्षणाचं वचन घेतलं आणि ते पाळून घ्यायला मात्र कोणी आलं नाही, उलट हे लोक परक्यांचे हस्तक असा शिक्का बसला. मग १८९४ ते ९६ च्या आर्मेनियन लोकांच्या कत्तली, मग १९०९ ला अदाना शहरातली कत्तल.

१९१२-१३ च्या बाल्कन युद्धात युरोपातला जवळपास सगळा मुलूख गेला आणि तिथून हाकललेले मुस्लिम निर्वासित अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात आले, स्वतः होरपळलेले, त्यांना घरं हवी होती, जमीन हवी होती. सत्तेवर तलत, एन्वर, जमाल या तीन नेत्यांचा 'यंग टर्क' पक्ष, त्यांना आता एकजिनसी तुर्की देश हवा होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं, डिसेंबर १९१४ मध्ये रशियाच्या सीमेजवळ सारिकामिशला रशियाशी लढताना युद्धमंत्री एन्वरच्या सैन्याचा बर्फात धुव्वा उडाला आणि खापर फुटलं आर्मेनियन लोकांवर. रशियाच्या बाजूने काही आर्मेनियन तुकड्या लढत होत्या, हो, पण ऑटोमन सैन्यातही आर्मेनियन सैनिक होतेच, त्यांचीच हत्यारं काढून घेऊन त्यांना मजुरीच्या तुकड्यांत टाकलं.

२४ एप्रिल १९१५ ला इस्तंबूलमध्ये लेखक, वकील, डॉक्टर, पुढारी यांची धरपकड सुरू झाली, मे अखेरीस हद्दपारीचा कायदा आला आणि मग बायका, पोरं, म्हातारे यांचे तांडे सीरियातल्या देर एझ-झोरच्या वाळवंटाकडे चालत निघाले. आर्मिन वेग्नर नावाच्या जर्मन माणसाने काढलेले त्या काळातले फोटो आहेत, ते बघितल्यावर मला पुढची दालनं भरभर बघता आलीच नाहीत. मागे राहिलेल्या घरांचं, दुकानांचं, शेतांचं काय करायचं त्यासाठीही कायदा आणि कमिशनं होती, म्हणजे बघा, लूटसुद्धा कागदोपत्री. गावपातळीवर कितीजण द्वेषाने सामील झाले आणि कितीजण शेजाऱ्याच्या शेतासाठी, हे वेगळं काढता येणार नाही, पण माझ्या मते फर्मान वरून आलं नसतं तर हे एवढं पसरलंच नसतं.

नाही म्हणणारेही होतेच की. जेलाल बे हा आधी अलेप्पोचा आणि मग कोन्याचा गव्हर्नर, त्याने हद्दपारीला विरोध केला, कोन्यात होता तोवर हजारो लोकांना पुढे पाठवलं नाही, आणि मग सरकारने त्यालाच खुर्चीवरून हटवलं. तुर्कस्तान सरकार आजही याला वंशसंहार म्हणायला तयार नाही, आणि त्यांचाच हा अधिकारी तेव्हाच ओळखून होता की काय चाललंय.

जाणार असाल तर सोमवार टाळा, म्युझियम बंद असतं. आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना बाहेर ज्योतीपाशी न्या, आतले फोटो त्यांच्यासाठी नाहीत.