स ह ळ मधला ‘ह’

मी मराठी वृत्तवाहिनीच्या क्रीडा डेस्कवर बातम्या लिहितो. ३१ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनपटू सिंधू उपांत्य सामना हरली. कांस्यपदकासाठी दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर चीनची खेळाडू होती. एजन्सीच्या इंग्रजी मजकुरात तिचं आडनाव दोनच अक्षरांचं : एच, ई. घाईत एका सहकाऱ्याने ते सर्वनाम समजून ‘तो उपांत्य फेरीत पराभूत झाला’ असं लिहूनही टाकलं होतं. मी ते ‘हे बिंगजियाओ’ केलं. अँकरने प्रॉम्प्टरवर वाचलं, ‘सिंधूची लढत हे बिंगजियाओशी’, आणि थांबली. ‘दादा, हे म्हणजे?’

चिनी शिकलेल्या मावसबहिणीला फोन लावला. ती म्हणाली, ‘स ह ळ क्ष ज्ञ म्हणतोस ना, त्यातला ह. जरा घशातून काढ, लांबव आणि प्रश्न विचारताना चढतो तसा सूर वर ने. पुढचं बिंग नाही, पिंगच्या जवळचं. जियाओ नाही, च्याव.’

मी थक्क झालो. चिनी नावं रोमन लिपीत लिहिताना बी आणि पी यांतला फरक आपल्या प-फ सारखा असतो, म्हणजे श्वासाचा. जे आणि क्यू म्हणजे जवळपास च आणि छ. झेड तर आपल्या ‘चोर’मधला च! इंग्रजीला जे दाखवता येत नाही, ते आपल्या वर्णमालेत आयतं आहे. तरी आपण इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवून देवनागरी लिहितो.

‘नुसता ह टायपो वाटेल,’ बुलेटिन प्रोड्युसर म्हणाला. ‘लोकांना काय फरक पडतो?’ या वाक्याने आमच्या धंद्याचं फार नुकसान केलंय. पण बुलेटिन तोंडावर आलेलं. आम्ही आडनावच उडवलं : ‘चीनची बिंगजियाओ’. सिंधू २१-१३, २१-१५ अशी जिंकली, जल्लोषात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या मात्र राहिलं. चिनी नावात आडनाव आधी येतं, तसंच पुसर्ला वेंकट सिंधूमध्येही. सिंधूला आपण नुसत्या नावाने हाक मारतो ती आपुलकीने. हिचं आडनाव आम्ही जमेना म्हणून कापलं.

२०२४ ला पॅरिसमध्ये, पुन्हा १ ऑगस्टलाच, तिने सिंधूला हरवलं आणि पुढे रौप्यपदक मिळवलं. तिच्याविरुद्धचा उपांत्य सामना दुखापतीमुळे अर्धवट सोडावा लागलेल्या स्पेनच्या कॅरोलिना मरिनसाठी ती पदक घेताना स्पेनचा बिल्ला हातात धरून उभी होती. त्या फोटोखाली मी ‘ह बिंगजियाओ’ असं लिहिलं.

दहा मिनिटांनी पाहिलं, तर कुणीतरी मात्रा दिली होती.